घरगुती जलतरण-तलावाची स्वच्छता व निगा

पोहणे ही गोव्यातील खेड्यांना नवी गोष्ट नव्हे. देवळापुढील तळी, ओहोळावरील कोंड आणि गावालगतची नदी यांत पिढ्यान्‌पिढ्या मुले पोहायला शिकली. परंतु गेल्या काही दशकांत घराच्या आवारात बांधलेले छोटे जलतरण-तलाव किनाऱ्यालगतच्या तसेच आतल्या गावांतही दिसू लागले आहेत. पुष्कळदा घराचा मालक परगावी असतो आणि तलावाची देखभाल गावातील एखादा केअरटेकर किंवा माळी करीत असतो. काही ठिकाणी घरातील दोन खोल्या पाहुण्यांस देणारे कुटुंबच हे काम सांभाळते. तलाव बांधणारा कंत्राटदार पंप सुरू करून देतो, रसायनांचे दोन डबे ठेवतो आणि निघून जातो. त्यानंतर पाण्याचे काय करावयाचे, हे समजावून सांगणारा कोणी नसतो. ही उणीव थोडीफार भरून काढावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाहते पाणी आणि कोंडलेले पाणी

झऱ्यावरच्या तळीत एका बाजूने पाणी येते व दुसऱ्या बाजूने जाते. माणसाने सोडलेली घाण त्या प्रवाहाबरोबर पुढे जाते. जलतरण-तलावाची गोष्ट निराळी आहे. त्यात एकदा भरलेले पाणी महिनोन्‌महिने तेच राहते. पोहणाऱ्याच्या अंगावरील घाम, तेल, थुंकी, लघवी, वाऱ्याने येणारी धूळ, माडाची सुकलेली पाने आणि पक्ष्यांची विष्ठा हे सर्व त्याच पाण्यात साठत जाते. निसर्गात प्रवाह जे काम करतो, ते येथे पंप, गाळणी आणि क्लोरीन या तिघांना करावे लागते. त्यांपैकी एकानेही काम थांबविले, तर तलाव म्हणजे केवळ फरशी बसविलेले डबके होय.

पाणी अस्वच्छ झाले की ओतून टाकावे व नवे भरावे, असा विचार काहीजण करतात. तो योग्य नव्हे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा साधारण तलावात ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी मावते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने हे पाणी पाच माणसांच्या कुटुंबाला १४५ दिवस पुरेल. उन्हाळ्यात शेजारच्या विहिरी आटत असताना एवढे पाणी निष्काळजीपणामुळे फेकून देणे कोणासही शोभणारे नाही. नीट सांभाळलेले पाणी वर्षानुवर्षे वापरता येते.

डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी

काही वर्षांपूर्वी बार्देश तालुक्यातील एका घरी जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. तेथील तीन मुलांचे डोळे पोहल्यानंतर लाल होत व चुरचुरत. धाकट्याचा कान आठवडाभर ठणकत होता. केअरटेकर प्रामाणिक व कष्टाळू होता. तो म्हणाला, “साहेब, पाणी काचेसारखे आहे. तळाची फरशी मोजून घ्या. पण क्लोरीनचा वास फार येऊ लागला म्हणून मी आठवडाभर पावडर टाकणेच बंद केले आहे.”

पाण्याची तपासणी केली, तेव्हा त्यात रोगजंतू मारणारे मुक्त क्लोरीन अजिबात नव्हते. वास येत होता तो संयुक्त क्लोरीनचा. घाम व लघवी यांतील नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. तीव्र वास आणि डोळ्यांची आग ही त्यांची लक्षणे आहेत. म्हणजे वास येणे ही क्लोरीन जास्त झाल्याची खूण नसून, बहुधा ते अपुरे पडल्याची खूण आहे. त्या भल्या माणसाने रोगाचे लक्षण ओळखले, परंतु उपाय नेमका उलटा केला. त्याच संध्याकाळी मोठी मात्रा दिली, रात्रभर गाळणी चालविली आणि दुसऱ्या दिवशी वास गेला. कान मात्र डॉक्टरांकडूनच बरा करून घ्यावा लागला.

या प्रसंगातून घ्यावयाचा बोध हाच या लेखाचा गाभा आहे. तलावाचे पाणी डोळ्यांनी किंवा नाकाने पारखता येत नाही. ते दररोज मोजावे लागते.

पंप आणि गाळणी

तलावातील सर्व पाणी ठरावीक वेळात एकदा गाळणीतून फिरले पाहिजे. घरगुती तलावासाठी हा काळ ६ ते ८ तासांचा धरतात. ४०,००० लिटरच्या तलावासाठी ताशी सुमारे ५,००० ते ६,७०० लिटर पाणी फिरविणारा पंप लागतो. उन्हाळ्यात व पाहुणे असताना पंप दिवसाकाठी किमान ८ तास चालवावा.

बहुतेक ठिकाणी वाळूची गाळणी असते. गाळणीवरील दाबमापकाकडे रोज लक्ष द्यावे. गाळणी स्वच्छ असताना काटा जेथे असतो तेथे रंगाची खूण करून ठेवावी. त्याहून दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे अर्धा किलो वाढला, म्हणजे वाळूत घाण साठली असे समजून बॅकवॉश घ्यावा. या क्रियेत पाणी वाळूतून उलट दिशेने वर जाते व घाण बाहेर वाहून नेते. काचेच्या नळीतून पाहिल्यावर पाणी नितळ दिसेपर्यंत, साधारणतः दोन ते तीन मिनिटे, ही क्रिया चालू ठेवावी. नंतर अर्धा मिनिट वाळू बसू द्यावी आणि मगच गाळणी पुन्हा नेहमीच्या स्थितीत आणावी. झडपेचा दांडा फिरविण्यापूर्वी पंप बंद करण्यास विसरू नये. चालू पंपावर दांडा फिरविल्यास झडपेतील रबर फाटते.

बॅकवॉशचे पाणी विहिरीजवळ, ओहोळात किंवा शेतात सोडू नये. त्यात घाण व क्लोरीन दोन्ही असतात. त्यासाठी वेगळा शोषखड्डा असावा.

क्लोरीनचे प्रमाण

पोहण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम असावे. योग्य सामू असलेल्या पाण्यात १ मिलिग्रॅम क्लोरीन असताना अतिसाराचे अनेक जंतू मिनिटाभरात मरतात. कावीळ ‘अ’ च्या विषाणूस सुमारे १६ मिनिटे आणि जिआर्डिया या परजीवीस सुमारे ४५ मिनिटे लागतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र अशा पाण्यात १० दिवसांहून अधिक तग धरतो. म्हणूनच जुलाब होत असलेल्या मुलास तलावात उतरू देऊ नये, आणि क्रिप्टोस्पोरिडियमची बाधा झाली असल्यास जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावे. येथे औषधापेक्षा संयमच उपयोगी पडतो.

क्लोरीन पुरविणारे पदार्थ निरनिराळ्या शक्तीचे असतात. ग्रामपंचायतीत टीसीएल नावाने ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या दाणेदार पावडरीत सुमारे ६५ टक्के, तर बाजारातील द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटमध्ये सुमारे १० टक्के असते. हे सर्व पदार्थ उष्ण व दमट हवेत शक्ती गमावतात. कोकणपट्टीच्या हवेत उघडा राहिलेला ब्लीचिंग पावडरीचा डबा काही आठवड्यांतच निकामी होतो. यास्तव थोडाच साठा घ्यावा, खरेदीची तारीख डब्यावर लिहावी आणि झाकण घट्ट लावावे.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन घातले की लिटरमागे १ मिलिग्रॅम प्रमाण वाढते. आपल्या ४०,००० लिटरच्या तलावास त्यासाठी ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन हवे. ६५ टक्क्यांची पावडर असल्यास ४० भागिले ०.६५, म्हणजे सुमारे ६२ ग्रॅम लागेल. ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे १२१ ग्रॅम आणि १० टक्क्यांचे द्रव सुमारे ४०० मिलिलिटर लागेल.

ब्लीचिंग पावडर थेट तलावात टाकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात ती कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी तलावाच्या कडेने ओतावी. ऊन्हामुळे क्लोरीन झपाट्याने नाहीसे होते. म्हणून मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी व पंप चालू ठेवावा.

ऊन्हापासून क्लोरीनचे रक्षण करण्यासाठी सायन्युरिक आम्ल हे स्थिरक वापरतात. त्याचे प्रमाण लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम पुरेसे असते. बाजारात मिळणाऱ्या ट्रायक्लोर नावाच्या गोळ्यांत हे स्थिरक अगोदरच असते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्या गोळ्यांनी रोज २ मिलिग्रॅम क्लोरीन दिल्यास महिन्याभरात स्थिरक सुमारे ३६ मिलिग्रॅमने वाढते. ते हवेत उडत नाही व गाळणीतही अडकत नाही. प्रमाण १०० च्या वर गेले की क्लोरीन पाण्यात असूनही सुस्त पडते. मग तपासणीत क्लोरीन दिसते आणि तरीही शेवाळ धरते. अशा वेळी पाण्याचा काही भाग बदलणे हाच मार्ग उरतो.

सामू आणि जांभ्याचे पाणी

पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखविणारा अंक म्हणजे सामू. शेतकरी बांधवांना हा शब्द माती-परीक्षणामुळे परिचित आहे. तलावाच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवावा. याचे कारण केवळ त्वचेस होणारा त्रास हे नव्हे. क्लोरीनचा जो भाग जंतू मारण्यात खरा प्रभावी असतो, तो सामू ७ असताना सुमारे तीन-चतुर्थांश, ७.५ असताना सुमारे निम्मा आणि ८ असताना चतुर्थांशाहूनही कमी राहतो. म्हणजे सामूकडे दुर्लक्ष केल्यास पैशाने विकत घेतलेले बहुतेक क्लोरीन वाया जाते.

गोव्यात एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. जांभा दगडातून झिरपणारे विहिरीचे पाणी बहुधा मऊ, किंचित आम्लधर्मी आणि काही ठिकाणी लोहयुक्त असते. मऊ व आम्लधर्मी पाणी सिमेंटमधील चुना खाते. फरशांमधील सांधे झिजतात, धातूचे नळ व पंपाचे भाग गंजतात. अशा पाण्यात आम्लधर्मी ट्रायक्लोरच्या गोळ्या सतत वापरल्या, तर हानी दुप्पट होते. तेथे कॅल्शियमयुक्त पावडर अधिक हितकर ठरते. पाण्याची एकूण अल्कता लिटरमागे ८० ते १२० मिलिग्रॅम आणि कॅल्शियमची कठिणता २०० ते ४०० मिलिग्रॅम असावी. अल्कता वाढविण्यासाठी खाण्याचा सोडा वापरतात. ४०,००० लिटर पाण्यात तो सुमारे ७०० ग्रॅम घातला असता अल्कता १० मिलिग्रॅमने वाढते.

लोहयुक्त विहिरीचे किंवा टँकरचे पाणी भरून त्यात क्लोरीन टाकताच पाणी तपकिरी किंवा हिरवट होते. हे पाहून अनेकजण घाबरतात. विरघळलेल्या लोहाचा गंज होऊन तो दिसू लागतो, एवढेच घडलेले असते. अशा वेळी पोहणे बंद ठेवावे. सुमारे १ किलो तुरटी पाण्यात विरघळवून पसरावी, पंप रात्रभर बंद ठेवून गाळ बसू द्यावा आणि सकाळी तो गाळणीत न नेता थेट बाहेर ओढून घ्यावा. तुरटीने सामू उतरतो, तो नंतर तपासून ठीक करावा.

सामू वाढला असल्यास हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावे लागते. सुरुवात २०० मिलिलिटरपासून करावी. ते बादलीभर पाण्यात मिसळून तलावात सोडावे, काही तास पंप चालवून पुन्हा मोजावे, आणि गरज असल्यासच अधिक द्यावे. एकाच वेळी मोठी मात्रा देणे हे घाईचे व नुकसानीचे काम आहे.

तपासणी कशी करावी

गावातील जलसुरक्षकाकडे असलेल्या क्लोरोस्कोपमध्ये ऑर्थोटोलिडिन द्रवाने पाणी पिवळे होते. त्यावरून क्लोरीन आहे की नाही हे कळते, परंतु मुक्त व संयुक्त यांतील भेद त्यात नीट उमगत नाही. तलावासाठी डीपीडी गोळ्यांचा संच घ्यावा. मुक्त क्लोरीन असल्यास त्याने पाणी गुलाबी होते. नमुना पृष्ठभागावरून न घेता हात कोपरापर्यंत बुडवून, पाणी आत येण्याच्या तोंडापासून दूर घ्यावा.

एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. क्लोरीन फारच जास्त असल्यास डीपीडीचा गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि पाणी रंगहीन दिसते. तेव्हा क्लोरीन शून्य आहे असे समजून आणखी पावडर ओतण्याची चूक होऊ शकते. शंका आल्यास नमुन्यात क्लोरीनविरहित पाणी मिसळून पुन्हा तपासावे.

रसायनांचा धोका

१९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र येथे ज्या वायूने सैनिकांचे प्राण घेतले, तोच क्लोरीन वायू पंपघरातील दोन डब्यांतून तयार होऊ शकतो. आम्ल व क्लोरीनची पावडर एकत्र आली की तो क्षणात निर्माण होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीखालच्या पंपघरात साचून राहतो. त्यामुळे पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

१. आम्ल आणि क्लोरीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे. दोहोंसाठी माप व बादली स्वतंत्र असावी.

२. ट्रायक्लोर व कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होऊन आग लागू शकते. एकाचा रिकामा डबा दुसऱ्यासाठी वापरू नये.

३. नेहमी पाण्यात रसायन घालावे. रसायनावर पाणी ओतू नये.

४. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

५. घसा कोंडू लागल्यास डबा आवरण्याच्या भानगडीत न पडता प्रथम मोकळ्या हवेत, उंच जागी जावे व इतरांस दूर ठेवावे.

केअरटेकरला ही साधने पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. उघड्या हाताने आम्ल हाताळणारा माणूस धाडसी नसतो. बहुधा त्याला कोणी हातमोजे दिलेले नसतात.

नित्यक्रम

दररोज: जाळीने पाने व कीटक काढावेत. स्किमरची व पंपाची टोपली रिकामी करावी. मुक्त क्लोरीन व सामू मोजून नोंदवहीत लिहावा. पाण्याची पातळी व दाबमापक पाहावा.

आठवड्यातून एकदा: भिंती, पायऱ्या व कोपरे ब्रशने घासावेत. तळ व्हॅक्यूमने स्वच्छ करावा. काठावरची तेलकट रेघ खाण्याच्या सोड्याने पुसावी. साबण वापरू नये. आवश्यकतेनुसार बॅकवॉश घ्यावा. अल्कता तपासावी.

महिन्यातून एकदा: कठिणता व स्थिरक तपासावे. निचऱ्याचे झाकण, शिडीचे स्क्रू व विजेची उपकरणे पाहावीत.

पाण्याची पातळी नेहमीपेक्षा अधिक उतरत असल्यास गळतीची परीक्षा घरच्या घरी करता येते. बादलीत पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर ठेवावी. बादलीतील व तलावातील पातळीवर खूण करावी. २४ तासांनी तलाव बादलीहून अधिक उतरला असेल, तर पाणी हवेत न जाता जमिनीत जात आहे असे समजावे. आपल्या तलावात १ सेंटिमीटर उतार म्हणजे ३२० लिटर पाणी होय.

शेवाळ धरल्यास पोहणे थांबवावे. सामू ७.२ च्या आसपास आणावा, भिंती जोराने घासाव्यात आणि संध्याकाळी लिटरमागे १० मिलिग्रॅम होईल एवढे क्लोरीन द्यावे. आपल्या तलावास त्यासाठी ६५ टक्क्यांची पावडर सुमारे ६१५ ग्रॅम लागेल. गाळणी रात्रंदिवस चालवावी व मेलेले शेवाळ बाहेर ओढून टाकावे. क्लोरीन ३ मिलिग्रॅमपर्यंत उतरल्यावरच तलाव खुला करावा.

पावसाळ्यातील तलाव

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ३२ चौरस मीटरच्या तलावावर त्या हिशेबाने सुमारे ९६,००० लिटर पाणी आकाशातून पडते. तलावातील पाण्याच्या दुपटीहून हे अधिक आहे. त्यामुळे क्लोरीन, अल्कता व कठिणता सर्वच पातळ होत जाते. जोराच्या सरीनंतर पाणी मोजल्याशिवाय कोणास उतरू देऊ नये. या पाण्याचा एक फायदाही आहे. उन्हाळाभर साठलेले स्थिरक त्याबरोबर वाहून जाते. आवारातील लाल मातीचे पाणी तलावात येऊ नये म्हणून काठाभोवती चर काढून ठेवावा. पडणाऱ्या बेडकांना बाहेर येता यावे म्हणून एका कोपऱ्यात फळी तिरपी ठेवावी. म्हणजे सकाळी मेलेले बेडूक काढण्याची पाळी येत नाही.

पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करण्याची चूक मात्र कधीही करू नये. भूजलाची पातळी त्या काळात जमिनीलगत येते. पाण्याच्या वजनाने खाली दाबून धरलेले तलावाचे बांधकाम रिकामे होताच होडीसारखे वर उचलले जाऊ शकते व फुटते. दुरुस्तीसाठी रिकामा करावयाचा असल्यास मार्च ते मे हे महिने योग्य होत, आणि तेव्हाही जाणकाराचा सल्ला घ्यावा.

बंद घराचा तलाव

मालक परगावी, वीज बंद आणि पाणी हिरवे, असा तलाव ही साऱ्या वाड्याची काळजी असते. डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास उष्ण हवेत सात ते दहा दिवस पुरतात. १९८६ साली पणजीत हिवतापाचा जो उद्रेक सुरू झाला, त्यात बांधकामांवर साठलेल्या स्वच्छ पाण्यातील डासांचा मोठा वाटा होता. घर बंद असले तरी क्लोरीन व पंप चालू ठेवण्याची व्यवस्था करावी. ते शक्य नसल्यास तलाव ताणून झाकावा व झाकणावर पाणी साचू देऊ नये. हेही शक्य नसल्यास क्लोरीन पूर्ण थांबवून, ते उतरल्याची खात्री करून, आरोग्य केंद्रामार्फत गप्पी मासे सोडून घ्यावेत. हे मासे नंतर नदीत किंवा ओहोळात सोडू नयेत. पंचायतीने आपल्या हद्दीतील तलावांची यादी ठेवून पावसाळ्यापूर्वी व नंतर एकेक भेट दिली, तर पुष्कळ रोगराई टळेल.

क्लोरीन नसलेल्या कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे शिरून मेंदूस घातक दाह करतो. केरळमध्ये २०२४ व २०२५ साली अशा दाहाने मृत्यू झाले. रोग विरळा आहे, परंतु नेमाने क्लोरीन दिलेल्या पाण्यात त्याची भीती राहत नाही.

स्वच्छता हेच संरक्षण

तळाच्या निचऱ्याचे झाकण काठावर उभे राहून स्पष्ट दिसले पाहिजे. ते दिसत नसेल तर तलाव बंद ठेवावा. हा नियम शोभेसाठी नाही. गढूळ पाण्यात बुडालेले मूल काठावरील माणसास दिसत नाही. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही व हातही हलवू शकत नाही. सारे दोन-चार मिनिटांत घडते. म्हणून तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण व आपोआप बंद होणारे फाटक असावे. फुटलेले किंवा सुटलेले निचऱ्याचे झाकण दिसताच पंप बंद करावा, कारण त्या ओढीने केस किंवा हात अडकतो. पंपाच्या जोडणीस भूयोजन व गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण असावे. वीज कडाडत असताना कोणीही पाण्यात राहू नये. आणि मूल पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने दुसरे काहीही न करता केवळ त्याच्याकडे पाहत बसावे.

शिक्षकांसाठी

हा विषय वर्गात गणित व विज्ञान यांची सांगड घालण्यास सोयीचा आहे. विद्यार्थ्यांकडून पुढील स्वाध्याय करून घ्यावा.

१. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद व सरासरी १ मीटर खोल तलावात किती लिटर पाणी मावेल? (उत्तर: १८,००० लिटर)

२. त्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन आणण्यास ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर किती लागेल? (उत्तर: सुमारे १०९ ग्रॅम)

३. क्लोरीनयुक्त पाण्याची एक वाटी ऊन्हात व एक सावलीत ठेवून दोन तासांनी दोन्ही तपासा. फरक का पडला, ते लिहा.

४. गावातील तळी, विहीर व जलतरण-तलाव यांत पाणी कसे शुद्ध राहते, याची तुलना करा.

देखभाल करणाऱ्या बांधवांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे की, या कामास रोजचा अर्धा तास, एक तपासणी-संच आणि शंभर पानी वही पुरते. त्या वहीत रोज दोन आकडे लिहिले जातात. ज्या दिवशी ते लिहिलेले नसतील, त्या दिवशी पाणी कितीही नितळ दिसले तरी मुलांना काठावरच थांबवावे.